पावशा, शिक्रा आणि सुप्रभात

पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर येणारा सगळ्यांत मोलाचा संदेश तीन शब्दांचा असतो : ‘हा पक्षी कोणता?’ सोबत मोबाइलवर काढलेला धूसर फोटो. कडुनिंबाच्या फांदीवर बसलेला राखी पक्षी, छातीवर तांबूस झाक, शेपटीवर गडद पट्टे. विचारणाऱ्याने स्वतःचा अंदाजही लिहिलेला असतो, ‘शिक्रा का?’ मग कुणीतरी जाणकार ताई किंवा सर उत्तर देतात. शिक्रा नाही, पावशा आहे. चोच बघा. शिक्र्याची चोच मांस फाडणाऱ्या शिकाऱ्याची, चांगलीच वाकलेली. पावशाची बरीचशी सरळ. शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध एक उभी गडद रेघ असते, ती इथे नाही. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं बघा, ते पावशाचं. आणि आसपास सातभाई आहेत का, तेही पाहून ठेवा. कारण पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि शिक्र्यासारख्या दिसण्याचा त्याला तिथे उपयोग होतो.

एवढ्या उत्तरात विचारणाऱ्याला एक पक्षी कायमचा ओळखू यायला लागतो. उन्हाळ्याच्या अखेरीला ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं ज्याचं ओरडणं लहानपणापासून ऐकलं, तो दिसतो कसा हे पहिल्यांदा कळतं. गटावरचे बाकीचे दोन-तीनशे जण हेच उत्तर वाचत असतात. त्यांतल्या निम्म्यांना हाच प्रश्न पडलेला असतो, विचारायचा धीर झालेला नसतो.

आता त्याच सकाळी त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये काय काय येऊन गेलं ते पाहा. गुलाबाच्या फुलांवर लिहिलेलं सुप्रभात. एका सदस्याचा वाढदिवस आणि त्याला केकची चित्रं असलेल्या तीसेक शुभेच्छा. रक्तदात्याची गरज असल्याचा संदेश, जो दोन वर्षांपूर्वीचा आहे हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. एका नेत्याच्या भाषणाची चित्रफीत, तिच्यावर दोघांची खडाजंगी, तिसऱ्याची ‘कृपया गटाचा विषय पाहावा’ अशी विनंती आणि त्या विनंतीवर चौथ्याचा राग. या सगळ्याखाली पावशाचा फोटो गाडला गेलेला असतो. ज्यांना उत्तर ठाऊक होतं त्यांनी सकाळी गट उघडला, शंभरावर न वाचलेले संदेश पाहिले आणि बंद केला. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं नाही. पुढच्या वेळी तो विचारत नाही.

गट विषयावर ठेवणं ही ॲडमिनची कटकट आहे, रसिकांनी त्यात पडू नये, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. माझ्या दृष्टीने ते पक्षीनिरीक्षणाचंच काम आहे, दुर्बीण पुसून ठेवण्याइतकं आणि वहीत नोंद करण्याइतकं. कारण विषय सुटतो तेव्हा शिकणाऱ्याचं उत्तर हरवतं, पक्ष्याची नोंद हरवते आणि कधीकधी पक्ष्याचं घरटंही.

छंदाचं वर्तुळ जमवणं आपल्याकडे नवं नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्या आठांत दोन भारतीय होते, दोघेही मराठी : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. उद्देश साधा होता. प्राणिजीवनाविषयीची निरीक्षणं एकमेकांना सांगायची आणि मिळालेले चांगले नमुने एकमेकांना दाखवायचे. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. १८८४ पासून फोर्टातल्या एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या जागेत त्या भरू लागल्या. १८८६ मध्ये सोसायटीचं जर्नल निघालं. त्यात मोठ्या शोधनिबंधांच्या मागे ‘मिसलेनियस नोट्स’ नावाचा विभाग असे आणि आजही जुने अंक चाळताना मी आधी तिथेच जातो. कुणाला अमुक ठिकाणी अमुक पक्षी अवेळी दिसला, कुणी एका सापाला काय गिळताना पाहिलं, अशा छोट्या नोंदी. मोठ्या लेखात न मावणाऱ्या पण टाकून देण्यासारख्या नसलेल्या गोष्टींसाठी त्या मंडळींनी स्वतंत्र खोली बांधून ठेवली होती. या खोलीकडे मी पुढे परत येणार आहे.

पुढे १९६० च्या सुमाराला झफर फतेहअली यांनी मुंबईतून ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ काढलं. सुरुवातीला सायक्लोस्टाइल केलेली काही पानं, टपालाने देशभर जाणारी. शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी आपल्या अंगणातले, शेतातले, तलावावरचे पक्षी लिहून कळवायचे आणि इतरांनी त्यावर पत्र लिहायचं. जवळजवळ चार दशकं फतेहअलींनी ते सांभाळलं. आजच्या गटांचे पूर्वज शोधायचे तर ते इथे सापडतात. तिथेही वाद व्हायचे. फक्त वाद घालायला कागद, पाकीट, तिकीट आणि पंधरा दिवस लागत. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र टपालपेटीपर्यंत जाताना बऱ्याचदा निवत असणार. शिवाय मध्ये संपादक होता. नव्या लेखकाला दुखावणार नाही अशा बेताने काय छापायचं आणि काय बाजूला ठेवायचं, हे तो ठरवायचा.

व्हॉट्सॲपवर संपादक नाही. पंधरा दिवसही नाहीत. बोट टेकवलं की संदेश शेकडो खिशांत वाजतो. गटाची मर्यादा पूर्वी शंभर सदस्यांची होती; २०१६ मध्ये ती २५६ झाली आणि २०२२ या एका वर्षात आधी ५१२, मग १०२४. या वाढीने गटांचं रूप बदललं. साठ माणसांचा गट एकमेकांना ओळखतो, एकत्र भिगवणला पक्षी पाहून आलेला असतो, कोण कशाने दुखावेल याचा अंदाज त्याला असतो. हजारांच्या गटात बहुतेक जण एकमेकांसाठी नुसते नंबर असतात. तरी रचना तीच, एकच प्रवाह. सुप्रभात, श्रद्धांजली, पावशा आणि निवडणूक सगळं एकाखाली एक वाहत येतं.

विषय सोडणारी माणसं वाईट नसतात, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांनी माणसांच्या गटांचं फार बारकाईने निरीक्षण केलं. त्यांचा जन्म १८९७ मध्ये आपल्याच मथुरेचा. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये त्यांनी गटोपचारावर काम केलं आणि १९६१ मध्ये त्यांचं ‘एक्स्पिरिअन्सेस इन ग्रुप्स’ हे पुस्तक आलं. त्यांना असं दिसलं की, कुठलाही गट एखाद्या कामासाठी जमतो, पण त्याच वेळी तो दुसऱ्याच काही भावनिक गरजा भागवू पाहत असतो. गटातल्या दोघांच्या जवळिकीवर आशा लावून बसणं, बाहेरच्या शत्रूशी लढणं किंवा त्याच्यापासून पळणं, आणि एखाद्या थोर व्यक्तीवर विसंबून राहणं. अमेरिकी लेखक क्ले शर्की यांनी २००३ मधल्या एका गाजलेल्या भाषणात बायन यांचं हे निरीक्षण इंटरनेटवरच्या समूहांना लावून दाखवलं. मी ते पक्ष्यांच्या गटाला लावून पाहतो तेव्हा प्रत्येक चेहरा ओळखीचा वाटतो. वाढदिवसांचा आणि एकमेकांच्या कौतुकाचा ओघ ही जवळीक. ‘महापालिकेला अक्कल नाही’, ‘त्या दुसऱ्या गटाचे लोक पक्ष्यांना त्रास देतात’, ‘फोटोग्राफरांनी वाट लावली’ हा बाहेरचा शत्रू. आणि ‘सर बोलले म्हणजे झालं’ ही भक्ती. तिच्यामुळे सरांनी भोवत्या या शिकारी पक्ष्याची ओळख चुकवली तरी त्यांना ते सांगायला कुणी धजत नाही. या गरजा खऱ्या आहेत. निवृत्तीनंतर एकट्या राहणाऱ्या एखाद्या काकांना त्या सुप्रभातला येणारी चार उत्तरं हाच दिवसाचा पहिला संवाद असू शकतो. त्यांना ‘गटाचे नियम वाचा’ एवढंच सांगून गप्प बसवणाऱ्या ॲडमिनकडे पाहून मला वाईट वाटतं.

तरीही सुप्रभात हे विषयांतर निदान दिसतं तरी. मला अधिक भीती वाटते ती न दिसणाऱ्या विषयांतराची. एखाद्या गटावर रोज फक्त पक्ष्यांचेच फोटो येतात, एकही फॉरवर्ड नाही, राजकारण नाही. वरवर पाहता आदर्श गट. मग संदेश वाचत गेलं की लक्षात येतं, कुणी पक्ष्याबद्दल बोलतच नाहीये. ‘अप्रतिम टिपलंय.’ ‘काय शार्पनेस!’ ‘कुठली लेन्स?’ ‘बॅकग्राउंड एकदम क्रीमी.’ स्वर्गीय नर्तकाचा नर, लांब पांढऱ्या शेपटीचा, घरट्यावर बसलेला, आणि खाली साठ अंगठे. तो कुठे दिसला, केव्हा, काय करत होता, किती होते, हे कुणी लिहिलेलं नाही, कुणी विचारलेलंही नाही. गटाचं नाव पक्ष्यांचं, विषय मात्र छायाचित्राचा झालेला. आणि हा बदल कुणालाच विषयांतर वाटत नाही, त्यामुळे त्याला कुणी अडवतही नाही.

याचे परिणाम गटापुरते राहत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला तिबोटी खंड्या कोकणातल्या ओढ्यांकाठी येतो. मुठीत मावेल एवढा, नारिंगी, जांभळा, निळा. मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो. त्याचा एक चांगला फोटो गटावर आला की दुसऱ्या रविवारी त्याच ओढ्यावर गाड्या लागतात. पिल्लांना भरवायला पाल किंवा बेडूक घेऊन आलेला पक्षी माणसं पाहून बिळात न शिरता फांदीवर थांबून राहतो. त्या थांबण्याचाच आणखी एक ‘अप्रतिम’ फोटो निघतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला पुढे आणणं, घरट्यासमोरची पानं तोडणं, हेही घडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पक्ष्याचं घरटं किंवा अंडी यांना इजा करणं हा गुन्हा आहे. पण पान तोडणाऱ्या हाताशी तेव्हा कायदा उभा नसतो, गट मात्र असतो. म्हणूनच ज्या गटांनी ‘घरट्याचा फोटो नको, घुबडाची आणि दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा नको’ असा नियम केला आणि तो ज्येष्ठांनाही लावला, त्या गटांविषयी मला मनापासून आदर आहे. ईबर्डसारख्या नोंदप्रणालीतही काही संवेदनशील प्रजातींची नेमकी ठिकाणं सर्वांना दाखवली जात नाहीत.

तर दुर्मिळ पक्ष्याची जागा उघड करायची नाही, आणि तरी प्रत्येक नोंदीला ठिकाण आणि तारीख हवीच, असा आग्रहही धरायचा. नव्या सदस्यांना हे उलटसुलट वाटतं. ‘फक्त फोटो टाकला तर काय बिघडलं?’ असं ते विचारतात. त्यांना मी रानपिंगळ्याची गोष्ट सांगतो. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलंच नव्हतं. संग्रहालयांत मोजके जुने नमुने होते. त्यांतला एक रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याची चिठ्ठी होती. पक्षी शोधणाऱ्यांनी साहजिकच त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून त्या बाजूला शोध घेतला. १९९० च्या दशकात अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा लबाडी उघडी पडली. नमुना दुसऱ्याचा, जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात एकोणिसाव्या शतकात मिळवलेला. तो चोरून, नव्याने भरून, खोटी तारीख आणि खोटं ठिकाण लावलेला. ती खोटी नोंद बाजूला केल्यावर शोध योग्य जागी वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. एका चुकीच्या चिठ्ठीने एका पक्ष्याला किती काळ चुकीच्या जागी शोधायला लावलं! म्हणून फोटोखाली ‘ठिकाण, तारीख, संख्या’ लिहा असं कुणी ॲडमिन पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याचा राग येऊ देऊ नका. ठिकाण म्हणजे घरट्याची फांदी नव्हे, तालुका किंवा तलावाचं नाव पुरतं.

मग राजकारणाचं काय? ‘गटावर राजकारण नको’ हा नियम जवळजवळ प्रत्येक गटात आहे आणि तो मोडला जातो तो बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्री सुरू झालेल्या तोडीत दोन हजारांहून अधिक झाडं गेली. त्या रात्री मुंबईतला कुठला पक्षीगट विषयावर राहू शकला असता? झाडं म्हणजे पक्ष्यांची घरं. त्यावर बोलणं विषयाला धरूनच होतं. पण पाचव्या संदेशाला पक्ष आले, दहाव्याला मतदान आलं आणि विसाव्याला माणसांच्या जातीधर्मापर्यंत गोष्ट गेली. दहा दहा वर्षं एकत्र फिरलेली माणसं त्या आठवड्यात एकमेकांना सोडून गेली. उलटही पाहिलं आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत जवळजवळ चाळीस रोहित पक्षी मेले. तेव्हा काही गटांवर अतिशय जबाबदार चर्चा झाली. रोहित रात्रीच का उडत होते, ठाणे खाडी आणि नवी मुंबईच्या पाणथळ जागा यांच्यामध्ये त्यांचा मार्ग कोणता, भरतीच्या वेळी त्यांना बसायला उरलेल्या जागा कोणत्या. कुणी जुन्या नोंदी काढल्या, कुणी भरतीचं वेळापत्रक टाकलं. त्या चर्चेत सरकारी धोरणावर टीका होती आणि तीही विषयाला धरून होती.

या दोन प्रसंगांतून मला एक रेघ सापडली आहे आणि मी ती गटांना सुचवत असतो. ज्या बोलण्यात पक्षी, जागा किंवा निर्णय यांची नावं आहेत, ते राहू द्यावं, मग ते कितीही टीकेचं असो. ज्या क्षणी बोलणं माणसांच्या निष्ठेवर जातं, तिथे थांबवावं. ‘हा पाणथळ भराव बेकायदेशीर आहे, हा बघा नकाशा’ हे विषयात बसतं. ‘तुम्ही अमुकवालेच असेच’ याला जागा नाही. कधीकधी ही रेघ आखतानाही वाद होतो, पण ‘राजकारण नको’ या सरसकट नियमापेक्षा ती मला अधिक प्रामाणिक वाटते. त्या सरसकट नियमाखाली भराव टाकणाऱ्यांचीच सोय होते.

फॉरवर्डचं दुखणं वेगळं आहे. दर मार्चमध्ये, जागतिक चिमणी दिनाच्या आसपास, मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या संपल्या, असा संदेश येतो. विषय पक्ष्यांचाच; म्हणून कुणी अडवत नाही. पण त्या समजुतीला ठोस पुरावा नाही. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने देशभरातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकूण देशात चिमणीची संख्या साधारण टिकून असल्याचं दिसलं, मोठ्या महानगरांत मात्र ती घटल्याचं दिसलं. हा फरक कुणी समजावून सांगितला तर चर्चा कीटकांकडे, घरं बांधायच्या पद्धतीकडे, शहरातल्या झुडपांकडे वळते. विषयावर राहणं म्हणजे केवळ पक्ष्याचं नाव येणं नव्हे, त्या नावाखाली खरं काही बोललं जाणं, एवढं तरी गटाने स्वतःकडून मागावं.

मग करायचं काय? मघाची ती ‘मिसलेनियस नोट्स’ची खोली आठवा. विषयांतराला बंदी करण्यापेक्षा त्याला जागा देणं हा उपाय माणसांनी पुन्हा पुन्हा शोधला आहे. व्हॉट्सॲपच्या फार आधी, १९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी यूजनेट सुरू केलं. जगभरच्या संगणकांवर विषयवार चर्चा चालायच्या, पक्ष्यांचीही होती. पसारा वाढल्यावर १९८७ च्या सुमाराला सगळ्या चर्चांची नव्याने मांडणी झाली. छंदांना एक घर मिळालं, विज्ञानाला दुसरं, आणि न संपणाऱ्या वादांसाठी ‘टॉक’ नावाचं वेगळंच घर बांधलं गेलं. भांडणाऱ्यांना हाकललं नाही, त्यांना अंगण दिलं. दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यूजनेटवर येत, चुकत, रीत शिकत आणि मिसळून जात. १९९३ नंतर नव्यांचा लोंढा थांबेचना, आणि जुन्यांना रीत शिकवायला उसंतच मिळेना. ही अवस्था ज्याने व्हॉट्सॲप गट ५१२ वरून १०२४ वर जाताना पाहिला आहे, त्याला परकी वाटणार नाही.

मराठी माणसांनीही हे उपाय आपल्या परीने घडवले. १९९६ मध्ये गणेशोत्सवात सुरू झालेल्या मायबोली या संकेतस्थळावर गंभीर चर्चेचे धागे कायम राहत आणि गप्पांसाठी ‘वाहती पानं’ असत, ज्यांवरचा मजकूर काही काळाने आपोआप वाहून जाई. गप्पा मारा, हवं तेवढं मारा, पण त्या साठून कुणाची वाट अडवणार नाहीत. ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळावर वाचकच प्रतिसादाला श्रेणी देतात. त्यांत ‘माहितीपूर्ण’ आणि ‘मार्मिक’ आहे, तशी ‘अवांतर’ हीदेखील एक श्रेणी आहे. अवांतर म्हटलेला मजकूर पुसला जात नाही, फक्त तो काय आहे ते सांगितलं जातं. व्हॉट्सॲपमध्ये अशा श्रेणी नाहीत, तरी तत्त्व लागू करता येतं. जे गट मला टिकलेले दिसले, त्यांच्यातल्या बहुतेकांचे दोन गट आहेत, एक नोंदींचा आणि एक कट्ट्याचा. सुप्रभात, वाढदिवस, लेन्स, सहलीचे डबे, नातवाचा पहिला नंबर, सगळं कट्ट्यावर. आणि ॲडमिनसुद्धा कट्ट्यावर येतात, हसतात, शुभेच्छा देतात. हे महत्त्वाचं आहे. ॲडमिन जर फक्त नोंदींच्या गटावर दिसले आणि कट्ट्याकडे फिरकले नाहीत, तर कट्टा म्हणजे हद्दपारी वाटते आणि लोक परत नोंदींच्या गटावर फुलं पाठवू लागतात.

टोकण्याची रीतही शिकायची गोष्ट आहे. चारचौघांत टोकलं की माणूस दुखावतो आणि त्याचे मित्र त्याच्या बाजूने उभे राहतात. मूळ संदेश एक होता, त्यावरचे संदेश चाळीस होतात. आधी खाजगीत एक ओळ पाठवावी. ‘काका, तुमचा संदेश छान आहे, तो कट्ट्यावर टाका ना, तिथे सगळे वाट बघतात.’ पुन्हा घडलं तर फोन करावा. फोनवर माणूस माणसासारखा बोलतो. २०१८ पासून फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सोय आहे आणि २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसण्याची सोय मी स्वतः फक्त घरट्याच्या आणि नेमक्या जागेच्या बाबतीत वापरावी अशा मताचा आहे, कारण तिथे मिनिटंही मोलाची असतात. गट सगळ्यांसाठी बंद करून फक्त ॲडमिनने लिहायचं, हे तर गट मिटवण्यासारखंच. प्रश्न विचारायची वाटच बंद झाली, तर उरतं काय?

काही ॲडमिनांना कायद्याची धास्ती असते, म्हणून ते अतिकडक होतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. मजकूर टाकला जाण्याआधी तो तपासणं ॲडमिनच्या हातात नसतं, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. तेव्हा भीतीपोटी माणसांना काढून टाकण्याची गरज नाही.

एवढं सगळं करूनही गट टिकतो तो मुख्यतः त्याला काम असेल तर. ज्या गटांना ठरलेलं काम आहे, तिथे विषयांतर कमी होतं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. दर रविवारी एक ठरलेला तलाव मोजायचा. शेकाटे किती, चित्रबलाक किती, पट्टकादंब आले का. यादी ईबर्डवर टाकायची आणि गटावर कळवायचं. ईबर्ड २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने सुरू केलं. फेब्रुवारीतल्या चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ भारतात २०१३ पासून होते. त्या चार दिवसांत आमच्या ओळखीच्या गटांवर सुप्रभात शोधावं लागतं. सगळे जण आपापल्या गच्चीवर, बागेत, बांधावर पंधरा मिनिटं उभे असतात आणि मोजत असतात.

या मोजणीचं पुढे काय होतं, हे नव्या सदस्यांना आवर्जून सांगायला हवं. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालासाठी सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ प्रजातींची स्थिती तपासली गेली. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल ठरवण्याइतकी माहिती होती, त्यांतल्या ६० टक्के घटत असल्याचं दिसलं. ही माहिती गोळा करणारे बहुतेक जण शास्त्रज्ञ नाहीत. ते बँकेत, शाळेत, दवाखान्यात काम करणारे, शेती करणारे लोक आहेत, आणि त्यांतले कितीतरी पहिल्यांदा मोजायला शिकले ते कुठल्यातरी गटावर कुणीतरी धीराने उत्तर दिलं म्हणून. आता मर्लिनसारखं ॲप फोटोवरून नाव सांगतं, हे खरं. तरी चोच का बघायची, सातभाई का शोधायचे, हे सांगायला माणूस लागतो. त्या माणसाला गट उघडावासा वाटला पाहिजे.

म्हणून या वर्षीची विनंती जुन्या सदस्यांना आहे. ५ नोव्हेंबर हा वन्यजीवलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा. त्या दोन्हींच्या मधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. दिवाळीच्या आगेमागे येणाऱ्या त्या आठवड्यात गटांवर नवे लोक येतात. ते चुकीच्या जागी फुलं पाठवतील, घरट्याचा फोटो टाकतील, शिक्र्याला पावशा म्हणतील आणि पावशाला शिक्रा. त्याच सुमाराला उत्तरेकडून धोबी आलेले असतात, भोवत्या गवतावरून फिरत असतात, गप्पीदास कुंपणावर बसलेले असतात आणि प्रश्नांची रांग लागते. त्यांना नियमांची लांबलचक यादी पाठवण्याआधी त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या. मग कट्ट्याचा दुवा द्या. मग ठिकाण, तारीख आणि संख्या कशी लिहायची ते एका नमुन्याने दाखवा, आणि येत्या रविवारी कुठल्या तलावावर किती वाजता भेटायचं ते कळवा.